उसन्या नावाचा राजा

ऐतिहासिक मालिका बघताना माझं लक्ष हमखास भलतीकडे जातं. घोडी दौडतायत, जरीपटका फडकतोय, ढोल-ताशांनी घर दणाणलंय आणि सरदारांच्या मागे, टेकाडाच्या कडेला, एक गुलमोहर नखशिखांत लाल होऊन उभा! घरातली मंडळी वैतागून म्हणतात, तू गोष्ट बघ ना. पण एकदा दिसलं की दिसलं. पेशवाई बुडाली १८१८ साली. गुलमोहराचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापून आलं १८२९ साली, तेही लंडनच्या एका मासिकात. शहाजीराजांकडे १६३८ नंतर बेंगळुरूची जहागीर होती आणि शिवाजीराजे लहानपणी इथे राहून गेले. त्यांनी इथली तळी पाहिली असतील, वड-पिंपळ पाहिले असतील. गुलमोहर मात्र नाही.

मी ज्या बेंगळुरूत राहते ते शहर मात्र गुलमोहराशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. जयनगर, मल्लेश्वरम, कब्बन पार्क, कुठेही जा, एप्रिल सरता सरता रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी छत्र्या पेटतात. इथले लोक त्याला सरसकट ‘मे फ्लॉवर’ म्हणतात. पहिल्या वळवाच्या सरीनंतर फुटपाथवर पाकळ्यांचा जो सडा पडतो, त्यावरून रिक्षाची चाकं जातात आणि डांबर दिवसभर कुंकवाचा हात लागल्यासारखं दिसतं. हे सारं आपोआप झालेलं नाही. शहर वर्षभर फुलत राहावं, एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा यावा, अशी लावणी इथे जाणूनबुजून केली गेली. तिचं श्रेय जातं गुस्ताव क्रुम्बिगेल या जर्मन माळ्याला. माळी म्हटलं म्हणून रागावू नका, तो स्वतःची विद्या मातीत हात घालूनच शिकला होता. ड्रेस्डेनजवळ १८६५ साली जन्म, लंडनच्या क्यू बागेत उमेदवारी, आणि तिथून थेट आपल्या सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात नोकरी. बडोद्याच्या बागा राखणारा हा माणूस १९०८ साली म्हैसूर संस्थानात आला, लालबागेचा प्रमुख झाला आणि १९५६ साली बेंगळुरूच्याच मातीत विसावला. लालबागेजवळ आजही त्याच्या नावाचा रस्ता आहे. त्याने गुंफलेल्या बाराही महिन्यांच्या माळेत मे महिन्याचा मणी गुलमोहराचा. पुढे १९८० च्या दशकात वनाधिकारी सेतुराम नेगिनहाळ यांनी शहरात पंधरा लाखांच्या आसपास झाडं लावली, तेव्हा ही माळ नव्या वसाहतींपर्यंत पोचली.

लालबाग त्याआधीची, हैदरअलीने १७६० साली घातलेली. टिपूने तिच्यात देशोदेशीची रोपं आणवली, त्यांत मॉरिशसचीही होती. त्यामुळे इथला गुलमोहरही टिपूनेच आणला असेल असं वाटणं साहजिक आहे. पण टिपू १७९९ साली पडला, आणि तोवर गुलमोहर मॉरिशसलाही पोचलेला नव्हता. तो होता समुद्रापलीकडच्या मोठ्या बेटावर, मादागास्करमध्ये.

बोहेमियात जन्मलेला वेंझेल बोयर हा वनस्पतींचा शोधक १८२१ साली मॉरिशसला आला. तिथून तो मादागास्करला गेला. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर फूलप्वँत नावाचं बंदर आहे. तिथे कुणीतरी हौसेने लावलेलं हे झाड त्याला दिसलं. जंगलात नव्हे, माणसाच्या अंगणात. बोयर ते मॉरिशसला घेऊन आला, त्याने नाव दिलं ‘पोइन्सियाना रेजिया’, म्हणजे राजेशाही पोइन्सियाना, आणि विल्यम हूकरने ते चित्रासह छापलं. मॉरिशस हे त्या काळात जहाजांचं मोठं जंक्शन. तिथल्या बागेत रुजलेलं झाड भारत, सिंगापूर, वेस्ट इंडीज असं कुठेही पोचायला फार वर्षं लागली नाहीत. बी टणक, हलकं, महिनोन्महिने खिशात राहिलं तरी मरत नाही. खलाशाच्या पेटीतून प्रवास करायला याहून सोयीचं झाड नसेल.

आता नावाची गंमत. ही गंमत मला फुलापेक्षाही जास्त आवडते.

आपल्या अंगणात शंकासुर असतो ना, लाल-पिवळ्या फुलांचं ते काटेरी झुडूप? त्याला तेव्हा शास्त्रज्ञ ‘पोइन्सियाना’ म्हणत. सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर फिलिप द पोआंसी नावाचा फ्रेंच गव्हर्नर होता, त्याच्या सन्मानार्थ. बोयरला नव्या झाडाचं फूल शंकासुरासारखं वाटलं म्हणून त्याने त्याला शंकासुराच्याच घरात बसवलं. म्हणजे शास्त्रीय नाव उसनं. आणि देशी नाव? ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा भारतातल्या इंग्रजांच्या बोलीचा कोश १८८६ साली निघाला. त्यात ‘गोल्ड मोहर’ या फुलाची नोंद आहे, पण ती आहे शंकासुराची! कोशकारांच्या मते मूळ शब्द असावा ‘गुल-मोर’, म्हणजे मोराचं फूल. पुंकेसरांचा तुरा मोराच्या शेंडीसारखा दिसतो म्हणून. साहेबाच्या कानाला ‘मोर’ची ‘मोहर’ ऐकू आली, सोन्याची मोहर. आपल्या मराठी कानाला तर ‘मोहर’ आंब्यामुळे आधीच ओळखीचा. मग नवं, थोराड, जास्त भडक झाड आलं आणि त्याने शंकासुराचं हेही नाव पटकावलं. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा तसं नाही, तर शेजाऱ्याचा सदरा वाळत टाकलेला उचलून घालावा तसं. आणि एवढ्यावर हे थांबलं नाही. पुढे जॅकरंडा आला तो ‘नीलमोहर’ झाला, पेल्टोफोरम आला तो ‘सोनमोहर’ झाला. उसन्या नावाचा राजा दुसऱ्यांना पदव्या वाटत सुटला.

शास्त्रज्ञांनी मात्र उसनवारी फार काळ चालू दिली नाही. कॉन्स्टंटाइन राफिनेस्क हा एक अवलिया होता. आयुष्यात त्याने हजारो वनस्पतींना नावं ठेवली (दोन्ही अर्थांनी), आणि समकालीनांनी त्यातली बरीचशी हसण्यावारी नेली. पण १८३७ साली त्याने सुचवलेली एक गोष्ट टिकली. हे झाड शंकासुराच्या भावकीतलं नव्हे, त्याची भावकी वेगळी, तिचं नाव ‘डेलोनिक्स’. ग्रीक ‘डेलोस’ म्हणजे ठळक दिसणारा आणि ‘ओनिक्स’ म्हणजे नख. गुलमोहराची पाकळी हातात घेऊन बघा, वरचा भाग पंख्यासारखा पसरलेला आणि खाली लांब, निमुळता देठासारखा भाग. वनस्पतिशास्त्रात त्याला नखर म्हणतात. राफिनेस्कच्या नजरेत भरलं ते हे नख. आमच्या शाळेच्या मैदानाकडेला गुलमोहर होता. कळी उलगडून तिच्या हिरव्या-लाल निदलपाकळ्या आम्ही बोटांच्या नखांवर चिकटवायचो आणि राक्षसिणी होऊन एकमेकींच्या अंगावर धावायचो. राफिनेस्क कोण हे माहीत नसताना आम्ही त्याच झाडात नखंच शोधली होती. शिवाय पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायची, ज्याचं डोकं तुटेल तो हरला. आंबटसर पाकळ्या चघळायच्या. आणि सुट्टीनंतर वाळलेल्या शेंगांच्या तलवारी. दोन फुटांपर्यंत लांब, लाकडासारखी कडक, हलवली की खुळखुळणारी तलवार दुसऱ्या कुठल्या झाडाने मुलांना दिली आहे?

मराठी वनस्पतिशास्त्रात ‘प्रजाती’ म्हणजे भावकी आणि ‘जाती’ म्हणजे तिच्यातलं एकेक घर. डेलोनिक्सची भावकी लहान. अकराच घरं, त्यांतली नऊ फक्त मादागास्करमध्ये आणि तीही जवळजवळ सगळी बेटाच्या कोरड्या बाजूला. या कोरड्या बाजूचं कोडं मराठी वाचकाला सहज सुटेल, कारण ते आपल्या सह्याद्रीचं आरशातलं प्रतिबिंब आहे. आपल्याकडे पावसाचे ढग पश्चिमेकडून येतात, कोकणावर रिते होतात आणि देशावर पोचेपर्यंत हात आखडतात. मादागास्करला वारे येतात हिंदी महासागरावरून, म्हणजे पूर्वेकडून. तिकडची कोकणपट्टी पूर्वेला, घनदाट सदाहरित रानाची. मधल्या डोंगरांपलीकडचा पश्चिम भाग म्हणजे तिथलं माण-खटाव. वर्षातले सहा-सात महिने कोरडे, पानं गाळणारं रान, आणि नैऋत्येला तर निव्वळ काटेरी झुडपं. बेट लहान समजू नका, महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. आपल्याकडे गोरखचिंच म्हणतात त्या बाओबाबच्या जगातल्या आठ जातींपैकी सहा तिथल्याच, त्याही बहुतेक याच कोरड्या अंगाला.

या पश्चिमेला चुनखडीचे विचित्र डोंगर आहेत. पावसाने हजारो वर्षं खडक विरघळवून सुयांसारखे उभे सुळके केले आहेत. त्यांना स्थानिक भाषेत ‘त्सिंगी’ म्हणतात. बेमाराहाची त्सिंगी १९९० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. गुलमोहराचं माहेर या सुळक्यांच्या आसपासच्या रानात आहे, आणि हे कळायला शंभर वर्षं लागली. बोयरने पाहिलं ते झाड पूर्वेच्या ओल्या किनाऱ्यावर, लावलेलं. त्याच्या बियांतून जगभर रस्ते सजले, कवींनी कविता केल्या, क्लबांना आणि बंगल्यांना नावं मिळाली, आणि एवढा काळ हे झाड रानात कुठे उगवतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. फ्रेंच शास्त्रज्ञांना ते पश्चिमेच्या चुनखडीच्या रानात आपसूक वाढलेलं सापडलं १९३० च्या दशकात. तोवर क्रुम्बिगेल लालबागेतून निवृत्तही झाला होता. माहेरी कोळशासाठी आणि शेतीसाठी रानं जळत होती, म्हणून जगातल्या सर्वांत ओळखीच्या झाडांपैकी एक असलेला हा वृक्ष काही काळ आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला. पुढच्या पाहणीत ही वर्गवारी बदलली आणि आता काळजीचं कारण कमी मानलं जातं.

माहेर कळलं की स्वभाव कळतो, हे झाडांनाही लागू आहे. गुलमोहर भर उन्हाळ्यात का फुलतो? कारण तो कोरडा ऋतू सरत येताना फुलणारा आहे. पानं गळालेली, फुलं आडोशाशिवाय दिसतात, आणि शेंगा धरेपर्यंत पाऊस येतो. मादागास्कर विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथे हाच मुहूर्त ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. शेजारच्या रेयुनियाँ बेटावर गुलमोहर फुलला की नाताळ आला असं समजतात. आपण मे महिना, परीक्षांचे निकाल आणि आंबे आठवतो. झाडाचं घड्याळ एकच, पंचांगं दोन. पान बघा, एका पानात हजाराहून जास्त इवल्या पर्णिका. पाण्याची ओढ लागली की ती झाडून टाकायची. रुंद, चपटी छत्री उंचीपेक्षाही जास्त पसरते. विरळ रानात उजेडासाठी मारामारी नसते, म्हणून वर जाण्यापेक्षा आडवं पसरणं परवडतं. मुळं वरवर, दूरवर. पावसाची सर आली की खडकाच्या फटीतलं पाणी मुरण्याआधी उचलायचं. शेंगवाल्यांच्या कुळातला असूनही मुळांवर नत्राच्या गाठी मात्र नाहीत. भाऊबंदांचा हा उद्योग त्याने शिकलाच नाही.

फुलाची रचना म्हणजे चांगली युक्ती आहे. पाच पाकळ्या, चार लाल. पाचवी पांढरट-पिवळी, तिच्यावर लाल ठिपके-रेघा, उभी. ‘मध इकडे आहे’ अशी ती पाटी. तिचा खालचा भाग गुंडाळून नळी झालेली असते आणि रस त्या नळीतून प्यावा लागतो. दहा पुंकेसर लांब बाहेर काढलेले. मोठी फुलपाखरं रस प्यायला आली की त्यांच्या पंखांना पराग लागतात. भावकीतली बाकीची घरं बहुतेक वेगळ्याच वळणाची आहेत. त्यांची फुलं पांढरी किंवा फिकी पिवळी, रात्री उमलणारी, आणि गिऱ्हाईक म्हणजे लांब सोंडेचे पतंग. दिवसा, भडक लाल होऊन उभं राहण्याचं धाडस एकट्या गुलमोहराने केलं आणि तोच जगभर गेला. एरवी भावंडंही काही कमी नाहीत. ‘डेलोनिक्स डेकारी’चं खोड बाटलीसारखं फुगलेलं, त्याच्या फांद्या रोवून तिथे गोठ्यांभोवती जिवंत कुंपण करतात. ‘डेलोनिक्स प्युमिला’ तर बुटकी, सुजल्या खोडाची, कुंडीत बसणारी. ती हौशी लोकांच्या गच्चीवर जाते. ‘कोल्व्हिलिया’ हा याच गोतावळ्यातला चुलतभाऊ, पुन्हा मादागास्करचाच, पुन्हा बोयरनेच नाव दिलेला, मॉरिशसच्या कोल्व्हिल या गव्हर्नरला खूश करण्यासाठी. नारिंगी कळ्यांचे द्राक्षांसारखे घोस त्याला पावसाळा सरताना लागतात. बेंगळुरूच्या बागांमध्ये तो अधूनमधून दिसतो, आणि लोक त्याखाली उभे राहून ‘या गुलमोहराला अवेळी बहर कसा आला’ असं म्हणतात.

आता तक्रारी. दर वर्षी वळवाचं वादळ आलं की बेंगळुरूत गुलमोहराची एक तरी फांदी गाडीवर कोसळते, झाडं आडवी होतात. मग दोन-तीन दिवस ऐकू येतं, परदेशी झाड, ठिसूळ, काढून टाका. पुण्या-मुंबईतही हेच. मला या तक्रारी खोट्या वाटत नाहीत. लाकूड ठिसूळ आहे, मुळं उथळ आहेत, मोठ्या रस्त्याच्या कडेला नवा गुलमोहर लावू नये हे माझंही मत आहे. करंज, ताम्हण, बहावा असताना नगरपालिकांनी पुन्हा तोच तो सोपा पर्याय का निवडावा? साताऱ्यात १९९९ पासून १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो, कवी आणि चित्रकार झाडाखाली जमतात. ते मला मनापासून आवडतं. पण प्रेम करणं वेगळं आणि आणखी रोपं लावत सुटणं वेगळं.

तरी झाडावर ठेवला जाणारा निम्मा दोष माणसाचा आहे. हे झाड दूरवर मुळं पसरून उभं राहणारं. आपण त्याच्या बुंध्याशी फरशी बसवतो, एका बाजूला गटार खणतो, दुसऱ्या बाजूला केबलसाठी चर मारतो, म्हणजे एकेक करून तणावे कापतो आणि वर विजेच्या तारांसाठी एकाच अंगाच्या फांद्या छाटून तोल घालवतो. तंबूचे दोर कापले तर तंबू पडणारच. आमच्या गल्लीतला पडला तेव्हा मी मुद्दाम बुंधा बघायला गेले. रस्त्याच्या बाजूची मुळं केव्हाचीच सपाट कापलेली होती, कापलेल्या तोंडावर बुरशी धरलेली. वादळाने फक्त शेवटचा धक्का दिला होता.

आणि ‘परदेशी’ म्हणताना एक गोष्ट विसरायला नको. याच भावकीतलं एक घर आपल्याकडे फार आधीपासून आहे. ‘डेलोनिक्स इलाटा’, पांढरा गुलमोहर. तमिळमध्ये त्याला वातनारायणन म्हणतात, कारण सांध्यांच्या वातावर त्याचा पाला बांधतात. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानापासून दख्खनच्या कोरड्या मुलखापर्यंत हे झाड पसरलेलं आहे. शेताच्या बांधावर, हिरवळीच्या खतासाठी, शेळ्यांच्या पाल्यासाठी ते राखतात. फूल उमलताना पांढरं आणि सुकताना पिवळं-केशरी, एकाच घोसात दोन्ही रंग. लिनियसने त्याला अठराव्या शतकातच नाव दिलं होतं, गुलमोहराच्या कितीतरी आधी. हे झाड भारतात कसं, याचं एक मोहक उत्तर हटकून दिलं जातं, की भारत आणि मादागास्कर कधीकाळी जोडलेले होते. होते खरे. पण ते सुटे झाले सुमारे आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी, आणि शेंगवाल्यांच्या कुळाचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. ताटातूट झाली तेव्हा ही भावकी जन्मालाच आली नव्हती. तेव्हा हा मोह आवरलेला बरा. कोरड्या आफ्रिकेच्या बाजूने, अरबस्तानाच्या काठाकाठाने, बहुधा माणसाच्या मदतीने ते इकडे आलं असावं असं मानणं जास्त सरळ आहे.

पोआंसीची गंमत मात्र पुरी व्हायची राहिली. तो ज्या सेंट किट्सचा गव्हर्नर होता, तिथलं राष्ट्रीय फूल आज गुलमोहर आहे, आणि तिथे लोक त्याला अजून ‘पोइन्सियाना’च म्हणतात. शास्त्राने ते नाव काढून घेतल्याला पावणेदोनशे वर्षं उलटली आहेत.

दारात गुलमोहर असेल तर या पावसाळ्याआधी एक काम करा. दिल्लीतल्या झाडांबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली बजावलं होतं की बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा सिमेंटशिवाय मोकळी ठेवा. तेवढी फरशी उखडून घ्या, माती भुसभुशीत करा आणि फांद्या छाटायला येणाऱ्याला सांगा की दोन्ही बाजू सारख्या उतरव. आणि नवं झाड लावायचंच असेल तर बी पांढऱ्या गुलमोहराचं शोधा. कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, फुगलं की रुजत घाला.